उंदराची किडनी

मे महिन्यात आमची पलटण जैसलमेरच्या पुढे, वाळूत होती. मी हवालदार, गाव भोकर. माझ्या सेक्शनमध्ये दहा जवान. त्यांतला नाईक रफिक उदगीरचा, शिंप्याचा मुलगा. मराठवाड्याचे आम्ही दोघंच. म्हणून चारचौघांत तो मला हवालदार साब म्हणायचा आणि एरवी दादा.

पहाटे चारला उठायचं, पाचला पीटी, नऊनंतर सावलीत. पाणी मोजून, पण पुरेसं.

मग वरून एक साहेब पाहणीला आले. त्यांनी तंबूत पडदा लावून व्याख्यान दिलं. विषय, वाळवंटातला उंदीर. हा प्राणी जवळजवळ पाणी पीतच नाही. खाल्लेल्या दाण्यांतून अंगात जे पाणी तयार होतं, त्यावर जगतो. त्याच्या किडनीतल्या बारीक नळ्यांचे वळसे फार लांब असतात. तिथून जाताना बहुतेक पाणी परत रक्तात ओढलं जातं आणि बाहेर पडतात ते घट्ट लघवीचे चार थेंब. इथवर सगळं खरं होतं, मीही वाचलेलं होतं. जवानाने तशी सवय लावून घ्यावी, हा शोध मात्र साहेबांचा स्वतःचा.

मी उभा राहिलो. उंदीर दिवसभर गार बिळात झोपतो, त्याला आपल्यासारखा घाम येत नाही आणि माणसाची किडनी सरावाने बदलत नाही, एवढंच बोललो.

"हवालदार, जवानांचा उत्साह घालवू नका," साहेब म्हणाले. पुढच्या रांगेने टाळ्या वाजवल्या.

लगेच रूट मार्चची स्पर्धा ठरली. शेवटी बाटल्या तपासायच्या. ज्या सेक्शनकडे जास्त पाणी उरेल, त्याला समारंभात साहेबांच्या हस्ते ढाल.

रफिक मला म्हणाला, "उंदराला परेड न्हाई, दादा. म्हणून तर जगतो त्यो."

मी हसलो. तरी निघताना सेक्शनला सांगितलं, ढाल आपल्याकडेच आली पाहिजे. ते वाक्य माझं. साहेबांचं नाही.

सकाळी सातला निघालो. रफिक सगळ्यांत पुढे, मागच्यांना टोमणे मारत. साडेदहाला तो गप्प झाला. मी त्याला पाणी प्यायला सांगितलं.

"थोडंच चालायचं ऱ्हायलं, दादा."

मी जोर केला नाही. अकरा दहाला तो रांग सोडून उजवीकडे चालू लागला. हाक मारली, वळला नाही. मग गुडघ्यांवर आला. अंग तव्यासारखं तापलेलं, कपाळ कोरडं. मी रेडिओ घेतला.

"एक जवान बेशुद्ध. उष्माघात. गाडी पाठवा. ओव्हर."

"गाडी समारंभाच्या जागी आहे. थांबा. ओव्हर."

"थांबता येणार नाही. ओव्हर."

"थांबा. आउट."

आम्ही त्याचा शर्ट काढला, ग्राउंडशीट धरून सावली केली, सगळ्यांच्या बाटल्या त्याच्या अंगावर ओतल्या. त्याचीही ओतली. ती गळ्यापर्यंत भरलेली होती. गाडी अकरा पंचावन्नला आली. तिच्यात समारंभाच्या खुर्च्या होत्या. त्या आधी उतरवाव्या लागल्या.

तिसऱ्या दिवशी इस्पितळातच त्याने प्राण सोडला. डॉक्टर म्हणाले, किडन्या बंद पडल्या होत्या.

चौकशीत कारण लिहिलं गेलं: जवानाचा निष्काळजीपणा. मी ढालीच्या वाक्यासकट लेखी जबाब दिला. विषयाशी संबंध नाही, असा शेरा घेऊन तो परत आला. मी दोनदा पाठवला, दोनदा परत आला.

सुट्टीत उदगीरला गेलो. रफिकचे अब्बा शिलाई मशीनवर होते. मला बघून त्यांनी पाय थांबवला.

"हवालदार साब, पोराजवळ पानी नव्हतं का?"

"होतं, चाचा. भरपूर होतं."

"मग पेला का न्हाई?"

मी त्यांना माझं वाक्य सांगितलं. जसंच्या तसं. त्यांनी सुईखालचं कापड काढलं आणि घडी घालून ठेवलं.

आता मी रिटायर आहे. दर मे महिन्यात उदगीरला जातो. चाचा आधी पाण्याचा ग्लास पुढे करतात आणि तो रिकामा होईपर्यंत माझ्याकडे बघत राहतात. मग आम्ही रफिकबद्दल बोलतो.