रोझालच्या नागमोडी पंखांच्या माश्या

बोदोर रोझालनं सव्वीस वर्षं माश्यांना जेवू घातलं. हो, माश्यांना! टिसा नदीकाठच्या एका संशोधन संस्थेत मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवून ती काचेच्या नळ्यांत ओतायची आणि दर पंधरवड्याला फळमाश्यांचा संसार नव्या नळीत हलवायची. पदवी नाही, पगार बेताचा. पण तिच्या हातून एकही वाण कधी मेला नाही.

त्यातला एक अधू डोळ्यांचा वाण तिचा भारी लाडका. माशीचा डोळा घडताना शेजारची पेशी निरोप धाडते. तो घ्यायला पेशीच्या अंगावर रिसेप्टर लागतो. या माश्यांत तोच नाही. मग जिनं अतिनील प्रकाश ओळखणारी पेशी व्हायचं, ती बापडी निरोपावाचून भिंगाची पेशी होऊन बसते. वाण ओळखता यावा म्हणून त्याचे पंख मुद्दाम नागमोडी ठेवलेले.

प्रोफेसर होर्गोशी ओडॉन यांनी डोळे सुधारावेत म्हणून या माश्यांना औषध चारलं. चारताना बाटलीच्या तोंडातला कापसाचा बोळा काढून ठेवला आणि शेजारीच प्लमचा केक हादडत बसले. दीड महिन्यानं बाटलीतल्या माश्या तरातरा अतिनील दिव्याकडे धावल्या, आणि साहेब नाचायचेच बाकी राहिले.

रोझालनं बाटली उजेडात धरली. "साहेब, या आपल्या नाहीत. पंख बघा, सरळ आहेत. तुमच्या केकवरच्या शिरल्यात आत."

"मावशी, तुम्ही पीठ शिजवा. विज्ञान माझ्यावर सोडा."

"सोडलंय हो, म्हणून तर ही वेळ आली!"

आता काय बोलावं? जन्मभर डोळ्यांचा अभ्यास केला, आणि या माणसाला पंख दिसेनात! वर हुकूम सुटला: रोग बरा झाला, जुन्या नळ्या उकळून टाका, आणि मावशी, शुक्रवारपासून तुम्ही घरी बसा.

नोकरी गेली खड्ड्यात, पण हा वाण जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. रोझालनं एक नळी एप्रनच्या खिशात घातली, बाकीच्या उकळल्या आणि घर गाठलं.

संशोधन छापून आलं, साहेबांचे फोटो झळकले. मग प्रागच्या एका प्रयोगशाळेतून पत्र आलं: आम्हीही औषध देऊन बघतो, अधू माश्या पाठवा. कुठून पाठवणार, कपाळ! बोभाटा व्हायची वेळ आली तसे साहेब टोपी हातात घेऊन रोझालच्या दारात उभे राहिले.

"मावशी, एखादी नळी राहिली असेल ना?"

"आहे की. वर चिठ्ठी लावायचीय. पंख कसे लिहू?"

साहेब बुटांकडे बघत म्हणाले, "नागमोडी."

"आणि तुमच्या बऱ्या झालेल्यांचे?"

"सरळ."

"औषधानं पंखही बरे केले का हो?"

"नाही, मावशी."

"मग हेच प्रागला लिहा. इथं, माझ्यासमोर. सगळं छापलेलं मागं घेतो म्हणून."

साहेबांनी घाम पुसत लिहिलं. तिनं दोनदा वाचलं, पाकीट बंद केलं. त्यांनी नळीसाठी हात पुढे केला.

"राहू द्या," ती शाल घेत म्हणाली, "पोस्टात मीच जाते. तुमच्या हातात बोळा टिकत नाही."