आवाज होता, चित्र नव्हतं

आमच्या रहिमतपूरकडच्या गावात पहिला टीव्ही आणला तो मिलिटरीतून पेन्शन घेऊन आलेल्या सुभेदारांनी. तेव्हा सिंहगडावरच्या टॉवरवरनं चित्र यायला लागून थोडीच वर्षं झाली होती. त्यांच्या माडीवर उंच पाइप उभा करून अँटेना बसवायला मीच चढलो होतो. शाळा माझी चौथीपर्यंत. पण माधवनगरला राहून मोटारी भरायचं काम शिकलो होतो, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायची. त्यामुळे विजेचं काहीही बिघडलं की लोक मला बोलवायचे, आणि मला येत नाही असं मी कधी कुणाला म्हटलं नाही.

गल्लीत एक म्हातारी होती, सगळे तिला काकी म्हणायचे. तिच्या नवऱ्याचं आल्याचं पीक त्या साली लय जोरात होतं. मुंबईहून टीव्हीची माणसं आली आणि काकांना शेतात उभं करून चित्र घेऊन गेली. पुढं महिन्याभरात पोटाच्या दुखण्यानं काका गेले. घरात त्यांचा एक फोटो नव्हता.

मग कार्ड आलं. अमुक दिवशी संध्याकाळी शेतीच्या कार्यक्रमात काकांचं शेत दाखवणार. काकीनं कार्ड मलाच वाचायला दिलं. मी म्हणालो, "काकी, तू निस्ती येऊन बस. काका दाखवायचं माझ्याकडं लागलं."

त्या दिवशी लाईट दोन दिवसांनी आली होती. आधी मळ्यात जाऊन उसाला मोटार लावली आणि मग सुभेदारांकडं गेलो. काकी धुतलेलं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढं बसलेली. सुभेदारांनी बटण दाबलं. आवाज खणखणीत आला. काच मात्र काळीच.

सुभेदार म्हणाले, शहरातनं जाणता माणूस बोलवायला पाहिजे होता. ते मला झोंबलं. मी सगळी बटणं फिरवली. माडीवर चढून अँटेनाची तार हलवून आलो. मागचं झाकण काढलं, तर आतले व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, पेटलेले, जळका वास नाही, काही नाही. तिकडं टीव्हीतला माणूस कोंबड्यांच्या रोगावर बोलत होता. काकीनं एकदाच विचारलं, "कोंबड्या झाल्या की आपलं का रं?" मी तिच्याकडं न बघता व्हय म्हणालो.

एवढ्यात दिवेलागण झाली. सुभेदारीणबाईंनी भिंतीवरचा बल्ब लावला. बायांनी दिव्याला हात जोडले, तसे मीही जोडले, हातात पकड तशीच. हात जोडताना माणूस दिव्याकडं बघतोच. बल्बातली तार गाजरासारखी लाल होती आणि उजेड नावाला.

होल्टेज नव्हतं. जे येत होतं ते आवाजापुरतं पुरत होतं, चित्राला पुरत नव्हतं. ते कुठं जातंय हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. गावाच्या त्या बाजूच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, दोनच मोठ्या मोटारी होत्या. त्यातली एक माझी.

मी तसाच पळालो. मळा गावालगतच. स्टार्टरचं लाल बटण दाबलं, पाटाचं पाणी थांबलं. मोटारघरातला बल्ब जरा वर आला, पण पिवळाच राहिला. दुसरी मोटार चालूच होती, आणि ती माझ्या चुलतभावाची.

त्याच्याशी तीन वर्षं बोलणं नव्हतं. मी भरून दिलेली त्याची मोटार दोन महिन्यांत जळाली होती. माझं काम कच्चं, असं तो पारावर चारचौघांत म्हणाला होता. मी म्हणालो होतो, ह्यानंच पाणी नसताना चालवली. त्याच्या बांधावर पाय ठेवणार नाही असंही बोललो होतो. त्या दिवशी बांधावर थोडा वेळ थांबलो, खोटं कशाला सांगू. मग ओलांडला.

तो दारं मोडत होता, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत घेत होता. मी म्हणालो, "मोटार बंद कर."

"का रं? तुझ्या उसाला पानी कमी पडलं व्हय?"

"माझी बंद करून आलोय. काकी टीव्हीफुडं बसलीया. होल्टेज न्हाई, काका दिसंना."

त्यानं खोरं तिथंच टाकलं. मोटार बंद केली आणि चिखलाच्या पायांनी माझ्याबरोबर निघाला. वाटेत म्हणाला, "दोन्ही संगट चालल्या की होल्टेज एवढं पडतंय व्हय? मग माझी मोटार कशानं जळली रं?"

मला बांध ओलांडतानाच कळलं होतं. होल्टेज पडलं की मोटार तापते आणि जळते. त्याची चूक नव्हती आणि माझीही नव्हती. पण मी त्याला उत्तर दिलं नाही. आज इथं लिहितोय तेवढंच.

सुभेदारांच्या दारात पोचलो तर भिंतीवर निळा उजेड हलत होता. काका आल्याच्या शेतात उभे होते. चित्रावर मुंग्या फिरल्यासारखं दिसत होतं, तरी काकाच. बोलत दुसराच कुणीतरी होता, काका नुसते एक गड्डा हातात धरून तो पुढं करत होते. मग ते गेले आणि खताचं सुरू झालं.

काकी म्हणाली, "त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली न्हाई. मी सांगितलं व्हतं."

सुभेदार टीव्ही बंद करायला उठले, तर तिनं हातानंच नको म्हटलं. खताचं झालं, बातम्या झाल्या, ती बघत राहिली. चुलतभाऊ उंबऱ्यावर बसलेला आणि मी त्याच्या शेजारी. त्याचं पाणी अर्ध्यात थांबलेलं, माझंही. लाईट परत कधी जाईल याचा भरवसा नव्हता. काकी उठेपर्यंत मोटार लावायला आम्ही दोघंही गेलो नाही.