बत्तीस पावलांची मुकी चाल

सैनिकाच्या आठवणी म्हटल्यावर तुम्ही जरा सरसावून बसला असाल. आता गोळीबार येईल, खंदक येईल, कुणीतरी दातांनी ग्रेनेडची पिन उपटेल. निवांत बसा. मी सहा वर्षं इन्फन्ट्रीत होतो आणि चांदमारीच्या पुठ्ठ्याशिवाय कशावरही गोळी झाडली नाही. मी बँडमध्ये होतो. साइड ड्रम वाजवायचो. पण एक दिवस मी तीस माणसं एका शब्दात जागच्या जागी उभी केली. माझ्या नावावर कारवाई म्हणाल तर ती एवढीच. तीसुद्धा फौज सोडल्यावर, घाटकोपरच्या मैदानात, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी.

मी चिपळूणचा. शाळेत मार्क कमी, नकला जास्त. एकदा हेडमास्तरांच्या आवाजात बाहेरून ओरडून मी सातवीचा वर्ग अर्धा तास आधी सोडला होता. वर्गावर मास्तर होते, तेही घरी गेले.

अठराव्या वर्षी भरती झालो. बोटं हलकी आहेत म्हणून बँडला दिलं. पाच वाजता उठायचं. पावणेसहाला पीटी. सात ते दहा ड्रम. पहिले चार महिने ड्रम मिळालाच नाही. रबराचा तुकडा आणि दोन स्टिक, बस. शिकवायला लान्स नायक बाबू घाडी. माणूस मालवणचा, पण आई घाटकोपरला भटवाडीत चाळीत राहायची. वडील गिरणीत होते, ते वारले होते. आम्ही त्याला उस्ताद म्हणायचो. उस्ताद कमी बोलायचा. चूक झाली की माझ्या बुटावर स्टिकने टक् करायचा. दिवसाला माझ्या बुटावर ड्रमपेक्षा जास्त वाजायचं.

ड्रम मेजर होते हवालदार शेलार. बँडच्या पुढे मुठीची लांब काठी घेऊन चालतो तो ड्रम मेजर. त्या काठीला मेस म्हणतात. कधी वाजवायचं, कधी थांबायचं, कुठे वळायचं, सगळं मेस सांगते. तोंडी हुकूमही त्याचाच. शेलार 'बँड' हा शब्द नाकातून काढायचे, लांबवायचे, जसा काही तो शब्द त्यांच्या मालकीचा. मग क्षणभर थांबून 'थम!' म्हणजे थेट कानफटात.

आता थोडी माझी मतं. पटली नाहीत तरी मी बदलणार नाही. बँड दोन तऱ्हेचे. एक हवेतला, एक जमिनीवरचा. हवेतल्या बँडात मेस वीस फूट उडवतात, टेनर ड्रमवाले स्टिक पंख्यासारख्या फिरवतात, पब्लिक शिट्ट्या मारतं. झकास दिसतं. पण त्याच वेळी खाली पाय बघा. एकाचं पाऊल तीस इंचांचं, दुसऱ्याचं चोवीसचं. वरातीत आणि यात फरक फक्त घोड्याचा. जमिनीवरचा बँड डोळे मिटूनही कळतो. तीस टाचा आणि आवाज एक. बँड जोखायचा तर ड्रम मेजरकडे बघू नका, तो बघण्यासाठीच ठेवलेला असतो. शेवटच्या रांगेतला कोपऱ्यातला माणूस बघा. वळताना आतल्याने पाऊल लहान करायचं, बाहेरच्याने मोठं. अख्खी रांग दाराच्या फळीसारखी फिरली तर तो बँड. नाहीतर ऑर्केस्ट्रा.

शेलार हवेतले. उस्ताद जमिनीवरचा. सांगायची गरज आहे का?

ब्रिगेडची बँड स्पर्धा होती. दीड महिना आधी प्रॅक्टिस ग्राउंडवर उस्ताद म्हणाला, "आपण वाजवायचं बंद करू या."

शेलार म्हणाले, "म्हणजे?"

"बत्तीस पावलं. ड्रम नाही, पाइप नाही. फक्त बूट. तेहतिसाव्या पावलाला सगळे ड्रम एकदम."

"एक जरी चुकला तर वाट लागेल."

"म्हणून तर करायचं, साहेब."

आम्ही पाच आठवडे मोजत चाललो. मनातल्या मनात. ओठ हलला तरी बुटावर टक्. स्पर्धेच्या दिवशी ड्रम थांबले आणि मैदानात फक्त आमच्या टाचा उरल्या. खुर्च्यांवरची माणसं आपोआप ताठ झाली. तेहतिसाव्या पावलाला ड्रम पडले तेव्हा एका मेजरसाहेबांच्या हातातली कपबशी सुटली. आम्ही पहिले आलो.

ब्रिगेडियरसाहेबांनी विचारलं, "ही आयडिया कुणाची?"

"माझी, सर," शेलार म्हणाले.

उस्ताद तीन पावलं मागे सावधानमध्ये उभा होता. शेलारांना शाबासकीचं पत्र मिळालं, मग ट्रेनिंग सेंटरला इन्स्ट्रक्टर म्हणून पोस्टिंग. मी उस्तादला विचारलं, "बोललात का नाही?"

"सावधानमध्ये बोलत नाहीत," तो म्हणाला. विषय संपला.

पुढल्या वर्षी आमची पलटण उत्तरेत बर्फात गेली. लोकांना माहीत नसतं, पण अशा ठिकाणी ड्रम स्टोअरमध्ये जातात आणि बँडवाल्यांच्या हातात स्ट्रेचर येतं. जखमी खाली आणायचे, हे आमचं काम. स्ट्रेचर उचलून चालताना पाय जुळवायचे नसतात. चौघांचे पाय जुळले की स्ट्रेचर झोपाळ्यासारखं हलतं. बँडवाल्याला हे जन्माचं कठीण. आमचे पाय आम्हाला न विचारता जुळतात.

त्या दिवशी दुपारी दोन वीसला वरच्या चौकीवरून वायरलेस आला.

"बेस, चार्ली. कॅज्युअल्टी एक. पाय मोडलाय. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

"चार्ली, बेस. पार्टी निघाली. ओव्हर."

आम्ही चौघं निघालो. तीन दहाला वर चौकीत पोचलो. जवान विशीतला होता, दात वाजत होते त्याचे. तीन पंचवीसला परत फिरलो. वाट दोन हात रुंद. डावीकडे बर्फाची भिंत, उजवीकडे काही नाही. उजवीकडचा पुढचा दांडा उस्तादने स्वतः घेतला. दर दहा-बारा पावलांनी आमचे पाय जुळायचे आणि तो ओरडायचा, "पाय तोडा! पाय तोडा!" मी मागून त्याच्याच आवाजात ओरडलो, "पाय तोडा!" तो हसला. वळून नाही बघितलं, पण खांदे हलले.

तीन पन्नासला त्याच्या पायाखालची बर्फाची कड गेली. मी चार फुटांवर होतो. मी बघितलंय. त्याचा हात दांड्यावरून घसरला नाही. त्याने दांडा सोडला. धरून ठेवला असता तर जखमी धरून आम्ही पाचही जण गेलो असतो. आम्ही तिघांनी स्ट्रेचर खाली टेकवलं. वर चौकीतून सगळं दिसत होतं.

"बेस, चार्ली. कॅज्युअल्टी दोन. पुन्हा सांगतो, दोन. ओव्हर."

मोडक्या पायाचा जवान वाचला. उस्ताद तिसऱ्या दिवशी सापडला. शोधणाऱ्यांत मी होतो. माझी डाव्या पायाची तीन बोटं तिथे थंडीने गेली. मेडिकल बोर्ड झालं. चोविसाव्या वर्षी मी सिव्हिलियन.

आता मी घाटकोपरला पंतनगरात मामाकडे राहतो. एका कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर आहे. दर रविवारी भटवाडीत उस्तादच्या आईकडे जातो. मी तिला काकी म्हणतो. तो कसा गेला हे तिने एकदाच विचारलं. कसा वाजवायचा ते दर रविवारी विचारते.

गेल्या वर्षी कळलं की शेलार पेन्शनवर आलेत. अंधेरीला एमआयडीसीतल्या एका कंपनीत सिक्युरिटी ऑफिसर. त्यांनी गार्डांचा बँड काढला होता. तीसच्या तीस गडी माजी सैनिक. घाटकोपरला कंपन्यांच्या बँडांची स्पर्धा होती, आठ बँड, आणि शेलार तिथे तीच बत्तीस पावलांची मुकी चाल करणार होते. माझं डोकं फिरलं. तरी म्हटलं, एक चान्स द्यावा. आठवडाभर आधी संध्याकाळी पाच वाजता त्यांच्या गेटवर गेलो.

"शेलारसाहेब, एक रिक्वेस्ट."

"बोल, माकडा. लंगडतोस काय?"

"माइकवर चालीची माहिती सांगतात ना, त्यात बाबू घाडीचं नाव घ्या. एकदाच. त्यांची आई येणारे ऐकायला."

ते मेसची मूठ फडक्याने पुसत होते. पुसतच राहिले. "बँड ड्रम मेजरच्या नावाने ओळखला जातो. सहा वर्षांत फौजेत काय शिकलास तू?"

काय शिकलो ते मी तेव्हा सांगितलं नाही. सहा वर्षांत मी त्यांचा आवाज शिकलो होतो. आठवडाभर कारखान्याच्या बॉयलरमागे तयारी केली. आमचा फोरमन एकदा घाबरून सावधानमध्ये उभा राहिला. तो फौजेत कधी गेलाच नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी मी काकीला नऊ वाजता पुढच्या रांगेत खुर्चीवर बसवलं. इस्त्रीचं लुगडं नेसून आली होती.

"काकी, आज एक गंमत दाखवतो."

"बाबूचा नाव घेतले?"

"बघू या."

दहा सतराला शेलारांचा बँड आला. माइकवाला म्हणाला, "आता पाहा मुकी चाल. संकल्पना आणि दिग्दर्शन, ड्रम मेजर शेलार." काकीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. मैदानाभोवती बांधलेल्या दोरीला धरून मागच्या टोकाला गेलो.

एक कबूल करतो. बँड चांगला होता. शेवटची रांग बघितली, कोपऱ्यातला माणूस बघितला. दाराची फळी. मला आणखी राग आला. ही शिस्त उस्तादची होती आणि मिरवत होती शेलारांची मिशी.

ड्रम थांबले. बत्तीस सुरू. मीही मोजत होतो. बँडची पाठ माझ्याकडे, पंधरा पावलांवर. मैदान एवढं गप्प की टाचेखालचा खडा ऐकू यावा. सतराव्या पावलाला नाकातून 'बँड' सुरू केलं, लांबवलं. एकोणिसाव्याला डावा पाय जमिनीला लागला आणि मी सोडला, "थम!"

तीस माणसं थांबली. वीस, एकवीस, खाड्! सावधान. एकानेही मागे बघितलं नाही. कंपनीचे साधे कामगार असते तर मान वळवून विचारलं असतं, कोण बोंबलला रे? पण हे फौजी. हुकूम कानातून थेट पायात जातो, डोक्यात थांबत नाही. हुकूम पुढून यायला हवा होता, मागून का आला, हा विचार पाय थांबल्यावर येतो. तेव्हा काय उपयोग?

मी ओरडलो ते शेलारांनीही ऐकलं असणार. पण स्वतःचाच आवाज मागून आला तर माणूस काय समजेल? ते चालतच राहिले. एकटे. अकरा पावलं. आणि तेहतिसाव्याला मेस वरून खाली आणली, झोकात. काहीच वाजलं नाही. मग खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसलं, आणि मग सगळं मैदान. शेलार मागे वळले. त्यांच्यात आणि त्यांच्या बँडात अकरा पावलांची मोकळी जमीन होती. त्यांनी माणसं बघितली, मग दोरीकडे बघितलं, मग मला. मी कडक सॅल्यूट ठोकला. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला सांगू? सातवीचा वर्ग सोडला होता त्याहून दसपट मजा आली.

त्यांचा बँड आठवा आला. आठात.

मी नाचतच काकीकडे गेलो. खरं तर लंगडतच, पण आतून नाचत. "काकी, बघितलंत? घेतला ना सूड?"

काकी उठून उभी राहिली. माझ्या शर्टाची कॉलर धरली. चार फूट दहा इंचांची बाई, पण मी वाकलो.

"मेल्या, तुका कोणी सांगितलेला सूड घेऊक?"

"काकी, त्यांनी नाव नाही घेतलं उस्तादचं."

"नाव माका म्हायत हा! त्या माइकवाल्यान सांगूची गरज नाय. सुट्टीर इलो की खोलीत येरझारा घाली. बूट घालून. खालचे लोक बोंबलत. माका म्हणा, आये, तू मोज, मी मनात मोजतंय, दोघांचा जुळता काय बघूया. भाकऱ्यो थापता थापता मोजलंय मी. बत्तीस. कधी चुकलो नाय तो."

आजूबाजूचे लोक बघायला लागले. मी म्हटलं, "काकी, हळू."

"हळू कित्याक? तू बोंबललंस तेव्हा हळू बोंबललंस? तीस माणसां माज्या झिलाची चाल चालत होती. तो शेलार असांदे नायतर आणखी कोण असांदे, पाय बाबूचे होते. इतक्या वर्सांनी परत कानार पडत होते. डोळे मिटून मोजत होतंय मी. एकवीसपर्यंत इलंय. फुडली अकरा पावलां आता कोण चालतलो रे? तुजो बापूस?"