चौथ्या दिवशी उचललेले ठोकळे

बंदरावर सगळे तिला पाणीवाली म्हणत. बंदराच्या तोंडाशी लाटा अडवायला बंधारा बांधणं चाललं होतं. त्यावर रचायचे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे साच्यातून निघाले की त्यांना पाणी मारायचं, हे तिचं काम. एकेक ठोकळा हत्तीएवढा. त्यावर गोणपाट पांघरायचं आणि दिवसातून पाचदा भिजवायचं. "पोटच्या पोरांना एवढ्या आंघोळी घातल्या नाहीत मी," असं ती म्हणायची, आणि क्रेनवाला खो खो हसायचा.

बंधाऱ्याची घाई तिलाही होती. नवऱ्याची आणि दिराची मिळून एकच होडी, तीही त्याच बंदरात.

वादळाची बातमी आली तेव्हा बंधाऱ्याचं टोक अजून उघडंच होतं. कामावरच्या साहेबांनी दहाव्याऐवजी चौथ्या दिवशीच ठोकळे उचलायला सांगितलं. त्या सकाळी गोणपाट काढताना तिला एका ठोकळ्याच्या काखेत केसाएवढी भेग दिसली. मग दुसऱ्याच्या. शोधता शोधता पाच निघाले.

"साहेब, हे कच्चे आहेत. लाटेचा मार बसला की पाय निखळतील."

साहेबांचे डोळे जागरणाने लाल झाले होते. "मला दिसत नाही का, बाई? वादळ परवावर आलंय. टोक उघडं ठेवू? तूच सांग."

ती काय सांगणार? पाचही ठोकळे टोकाला लागले.

संध्याकाळी जेवताना दीर म्हणाला, "वहिनी, तुझे ठोकळे लागले ना? मग होडी वर ओढायची यातायात नको. टोकाच्या आडोशालाच राहू दे."

तिला त्या भेगा आठवल्या. लहान तोंडी मोठा घास कशाला, साहेबांना कळत असेलच, असं तिने मनाला बजावलं आणि नुसतं "हं" केलं.

वादळात बाकीचा बंधारा टिकला, टोक तेवढं ढासळलं. दीर होडी सोडवायला धावला. होडी फुटलीच, शिवाय होडी आणि धक्का यांच्यामध्ये त्याचा हात सापडला. दोन बोटं गेली.

बंदरातल्या बाकी सगळ्या होड्या वाचल्या. जो तो बंधाऱ्याचं कौतुक करत होता. साहेबांनी वरच्या कचेरीत लिहून दिलं की ठोकळे घाईने उचलले, आणि चूक माझी. ते ऐकून तिला राहवलं नाही. तिने घरी सगळ्यांसमोर भेगांचं सांगून टाकलं.

सासूबाई म्हणाल्या, "झालं ते झालं. आता उगाळून काय उपयोग?"

दीर मात्र हातावरचं फडकं सारखं करत म्हणाला, "साहेबांना सांगितलंस. मला का नाही सांगितलंस, वहिनी?"



टोकासाठी आता नवे ठोकळे ओतलेत. दहा दिवसांच्या आत ती क्रेनवाल्याला जवळ फिरकू देत नाही, साहेबही होकाराची मान हलवतात. दीर दुसऱ्याच्या होडीवर जातो. घरी तिच्याशी बोलतो, पण कामापुरतं, आणि तेही बहुतेकदा नवऱ्याकडे बघून.