आत्याबाईंचा धूर

मलकापूरपासून चिखलीपर्यंतच्या टापूत जेवढी घरं, गोठे, दुकानं, ट्रॅक्टर आणि लेकरं आज सुखरूप आहेत, ती सगळी माझ्या आतेसासूबाईंच्या धुरामुळे सुखरूप आहेत, असं त्यांचं ठाम मत आहे. आणि हे मत त्यांच्या तोंडावर खोडून काढणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. राहायला वडनेर भोलजीला. सत्तरी कधीच ओलांडली, पण हातात धुपाटणं आलं की चाल अशी होते की आपण मागे धावावं. सगळं सासर त्यांना आत्या म्हणतं, म्हणून मीही म्हणतो.

आत्यांच्या धुरात काय काय असतं हे विचारू नये, कारण त्या सांगत बसतात आणि आपली दुपार जाते. बांधावरून आणलेला कडुनिंबाचा पाला, तो सावलीतच वाळवलेला. निरगुडी, वेखंड, तुळशीच्या मंजिऱ्या, संत्र्याची सालं. ऊद आणि गुग्गुळ तेवढे विकतचे, तेही मलकापुरातल्या तीन दुकानांत हुंगून, तिन्ही दुकानदारांशी भांडून, शेवटी पहिल्याकडूनच घेतलेले. उदबत्तीचा त्यांना मनस्वी तिटकारा. "त्या काड्या म्हंजे देवाले चाकलेट देल्यासारखं हाय," म्हणतात. गोठ्याला वेगळा धूर, देवघराला वेगळा, दृष्ट लागलेल्याला वेगळा आणि घरातल्या भांडणाला अगदीच वेगळा. हा शेवटचा मी स्वतः पाहिला आहे. त्यांच्या दोन सुना एकदा कशावरून तरी अशा जुंपल्या की कोणाचं ऐकेनात. आत्यांनी दोघींना माजघरात बसवलं, मधोमध धुपाटणं ठेवलं आणि बाहेरून कडी लावली. दहा मिनिटांनी कडी काढली तेव्हा दोघी एकमेकींच्या पाठीवरून हात फिरवत खोकत होत्या आणि भांडण कशावरून निघालं होतं ते दोघींनाही आठवेना. "पाह्यलं? घरातलं वाईट भाह्येर गेलं," आत्या म्हणाल्या. घरात आणखी पाच मिनिटं कोंडलं असतं तर काय काय बाहेर गेलं असतं, देव जाणे!

एकदा त्यांच्या भाच्याच्या धान्याच्या दुकानाचं उद्घाटन चिखलीला होतं. तिथल्या गोवऱ्यांवर भरवसा नाही म्हणून आत्या घरूनच पेटते निखारे पितळी डब्यात घेऊन निघाल्या आणि खुशाल बसमध्ये चढल्या. अर्ध्या वाटेत कंडक्टरच्या हाताला डबा लागला.

"आजी, डब्बा गरम काऊन हाय?"

"इस्तो हाय त्याच्यात," आत्या म्हणाल्या. आमच्याकडे इस्तो म्हणजे विस्तव. हे इतक्या सहज सांगितलं की कंडक्टर आधी "बरं" म्हणाला आणि दोन सीट पुढे गेल्यावर ओरडला. मग बस थांबली, माणसं उतरली, ड्रायव्हरने हात जोडले. आत्या खाली उतरल्या, पण रिकाम्या हाती परतायचं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी तिथेच चिमूटभर ऊद टाकला आणि बसच्या तोंडाला तीन वेळा ओवाळून घेतलं. "आता न्या बिनघोर," म्हणाल्या. सगळ्या बसने हात जोडून नमस्कार केला, कंडक्टरनेसुद्धा!

माझं आणि त्यांचं नातं खरं तर जमायचं नव्हतं. माझं मलकापुरात पंख्यांचं दुकान आहे. स्वयंपाकघरातला धूर बाहेर ओढणारे पंखे ही माझी खासियत. म्हणजे मी धूर घालवून पोट भरतो आणि त्या धूर करून जग तारतात. मुलगी पाहायला आम्ही गेलो तेव्हा कांदेपोह्यांच्या आधी आत्याच आल्या, धुपाटणं घेऊन. माझ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. मी ओठ घट्ट मिटून शिंक दाबत होतो, पण तिसऱ्या फेरीला बांध फुटला आणि मी ओळीने सात शिंका दिल्या. आतून मुलगी खळखळून हसली. माझी आई शरमेने अर्धी झाली. आत्या मात्र धाकट्या भावाकडे वळून म्हणाल्या, "देऊन टाक पोरगी. शिंक दाबनारा मानूस घुमा असते. हा मोकया मनाचा हाय." झालं! माझं शिक्षण, दुकान, पत्रिका, सगळं आमच्या पिशवीतच राहिलं. लग्नानंतर मी मोठ्या थाटात त्यांच्या स्वयंपाकघरासाठी एक पंखा नेऊन दिला. पुढच्या खेपेला पाहतो तर पंखा माळ्यावर आणि त्याच्या खोक्यात कडुनिंबाचा पाला.

हसतो मी त्यांना, पण खरं सांगू? या बाईइतकं दुसऱ्याच्या घरात डोळे उघडे ठेवून फिरणारं माणूस मी पाहिलं नाही. त्या कोणाकडून पैसा घेत नाहीत, बोलावण्याची वाट पाहत नाहीत. धुपाटणं घेतलं की कोणत्याही घराच्या कोणत्याही खोलीत जायचा त्यांना परवानाच. गल्लीतल्या एका घरात अशाच फिरताना मागच्या अंधाऱ्या खोलीत म्हातारी सासू पोत्यावर झोपलेली दिसली. दुसऱ्या दिवसापासून आत्या रोज सकाळी त्या खोलीत धूर द्यायला जाऊ लागल्या आणि रोज तिथे तासभर बसू लागल्या. चौथ्या दिवशी म्हातारीला पुढच्या खोलीत खाट मिळाली. मी विचारलं तर म्हणाल्या, "घराचे कोपरे कोनी पाह्यत नाई, जवाई. धूर नेला का पाहाच लागते."

आणि लेकरं! आमच्या सासरच्या गोतात जन्मलेलं प्रत्येक लेकरू बाराव्या दिवशी त्यांच्याच पायांवर न्हायलं आणि न्हाणं झालं की ओवा, बाळंतशोपा आणि वावडिंगाच्या धुरावर त्यांनीच धरलं. माझ्या बायकोलाही त्यांनीच धरलं होतं. लेकराचं पहिलं औक्षण म्हणजे आत्यांचा धूर, असं आमच्याकडे ठरूनच गेलेलं.

आमची मुलगी मात्र दीड महिना आधीच आली. एवढीशी, माझ्या तळहातात मावेल इतकी. कित्येक दिवस काचेच्या पेटीत होती. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, हिची फुफ्फुसं अजून कोवळी आहेत, घरात धूर म्हणून नको, उदबत्तीसुद्धा नको. एकदा श्वास कोंडला तर इथपर्यंत आणायलाही वेळ मिळणार नाही. बायकोने माझा हात घट्ट धरला. आम्हा दोघांच्या मनात एकच नाव आलं.

आत्यांना सांगायचं कोणी? सासरे म्हणाले, "तुम्ही जावई, तुमचं ऐकेल ती." मी फोन केला आणि भेदरून चक्क खोटं बोललो, म्हणालो डॉक्टरांनी पाहुण्यांना बंदी केली आहे. पलीकडून आवाज आला, "मी काय पाव्हनी हाय काय?" आणि फोन बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या दारात. खांद्याला पाल्याची पिशवी, काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं धुपाटणं. मी उंबऱ्यात आडवा उभा राहिलो.

"आत्या, धूर नको. पोरीच्या श्वासाला त्रास होईल."

"माह्या धुरानं?"

"हो."

"डाक्टर म्हन्ते का तुमी म्हन्ता?"

"डॉक्टर म्हणतात," मी म्हणालो, "आणि मीही म्हणतो."

वाटलं, आता ही बाई पाठ फिरवेल आणि पुन्हा या घराची पायरी चढणार नाही. ज्यांच्या हातून सगळं गोत न्हालं, त्यांना मी दारात अडवलं होतं. आत्यांनी सावकाश पदर नाकाशी नेला, हुंगला. मग हात हुंगला.

"मंग तं मी सारी धूरच हाय, जवाई," त्या म्हणाल्या. "साबन कुठी हाय तुमच्या घरी?"

पिशवी आणि धुपाटणं त्यांनी बाहेर जिन्यातच ठेवलं. तासभर न्हाणीघराचं दार उघडलं नाही. दोनदा आतून शिकेकाई मागितली, एकदा आणखी गरम पाणी. बाहेर आल्या त्या माझ्या बायकोचं धुतलेलं पातळ नेसून, पांढरे केस मोकळे सोडून. एवढ्याशा दिसत होत्या. माझ्यासमोर मनगट धरलं. "हुंगा." मी हुंगलं. नुसता साबण. मी मान हलवली तेव्हा त्या खाली बसल्या आणि मांडी सारखी केली.

बायकोने पोरीला त्यांच्या मांडीवर दिलं. आत्यांनी हळूच वाकून तिच्या टाळूला नाक लावलं आणि कितीतरी वेळ तशाच राहिल्या. वर पाहिलं तेव्हा डोळे भरलेले. इतक्या वर्षांत धुराने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं नव्हतं.

"व माय," त्या म्हणाल्या, "लेकराले असा वास असते का? इतके लेकरं या पायावर न्हाले, पन मले आजच समजलं. साऱ्याइले धुराचाच वास येत होता."

माझी बायको शेजारी उभी राहून रडत होती. आत्यांनी तिला हाताने खाली ओढलं, तिचंही डोकं जवळ घेतलं, हुंगलं आणि मग हसल्या.

"तुह्या डोक्याले आता फोडनीचा वास येऊन राह्यला, बाई. तुह्यावाला लहानपनीचा वास तं माह्या हातून राहूनच गेला."