शीमावशीचा नारळाचा रस

कुठलीही गोष्ट समोर आली की आमच्या शेजारच्या मावशीच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो "शी!" म्हणून साऱ्या जामसंड्यात ती शीमावशी. जन्मभर मासळी विकलेल्या बाईला एवढी किळस कशाची येते, याचं आम्हाला हसू यायचं.

माझ्या चार वर्षांच्या मनूला दूध सोसेना. डॉक्टरांनी ते बंद केलं, आणि दुधातल्या कॉर्नफ्लेक्सवाचून पोरीने सकाळी तोंडच उघडायचं सोडलं. वजन उतरत चाललं. मी धास्तावून दुधाऐवजीचे महागडे खोके मागवले. मनूने प्रत्येक घोट थुंकला आणि मावशीने चव घेऊन निकाल दिला. सोयाचं घेतलं तर, "शी! ह्येका भिजलेल्या गोणपाटाचो वास येता." बदामाचं घेतलं तर, "पाण्याक बदाम नुसतो दाखयल्यानी." ओटचं मलाही गिळवेना, इतकं ते बुळबुळीत. पेजेत खडूची भुकटी कालवल्यासारखं. "ह्यां चेडवाक दितंस?" मावशी कडाडली, "आमच्या नारळाचो रस मेलो काय?"

दुसऱ्या दिवशी ती घरून रस काढून घेऊन आली. मनूने एक घोट घेतला आणि भडाभडा ओकली. वाटीला बांगड्याचा वास येत होता! ज्या विळीवर रोज मासे कापायची, त्याच विळीच्या टोकावर मावशीने नारळ खवला होता. तिच्या नाकाला तो वास कळेनासा होऊन जमाना लोटला होता. मी तिच्यादेखत नाकाला पदर लावला. "काय हे मावशी, शिसारी येते!" ती वाटी उचलून निघून गेली.

पण उजाडताच दारात हजर, हातात नवी कोरी विळी. आमच्याच ओट्यावर बसून तिने नारळ खवला, पहिला दाट रस बाजूला ठेवला, दुसरा पातळ काढून त्यात चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा टाकला. त्यात कॉर्नफ्लेक्स घालून दिले, तर मनूने वाटी चाटूनपुसून खाल्ली. पुढे दोन वर्षं हेच चाललं. पोरीचे गाल भरले. मी मात्र मावशीचा चहाचा कप तेवढा वेगळा घासत असे.

गेल्या वर्षी मावशी गेली. बाराव्याच्या जेवणाला तिची सून माझ्या शेजारी टेकली.

"सकाळी बंदरार होडये लागत, तेव्हा आये तुमच्याकडे आसायची. बरी मासळी दुसरीच न्हेयत, हिका उरलेली गावायची. आमी कितीदा भांडलों. म्हणायची, चेडू खाईसर मासळेक हात लावूचो नाय."

पान वाढलेलं होतं. दोन वर्षं सकाळी मनूचं खाणं होईपर्यंत मासळीला हात न लावणाऱ्या मावशीचा कप मी वेगळा घासत आले होते. मला माझीच किळस आली होती.