मावशींचे उरलेले दोन सेट

सामना संपला तरी मावशी लगेच रॅकेट पिशवीत घालत नसत. आधी समोरच्या बाईला विचारत, "दमलीस का?" उत्तर मिळाल्यावरच पिशवीची चेन ओढत.

हा प्रश्न त्यांनी इतिहासातून उचलला होता. आज जगभरचे खेळाडू टेनिसच्या ज्या स्पर्धेसाठी न्यूयॉर्कला येतात, तिच्या सुरुवातीच्या काळात काही वर्षं बायकांची फायनलही पाच सेटांची असे, तीही घोट्यापर्यंतच्या झग्यात. मग संघटनेतल्या पुरुषांनी पाचाचे तीन केले. बायकांना झेपत नाही म्हणे. "खेळणाऱ्यांना कुणी विचारलंच नाही," मावशी सांगत, जणू निर्णय गेल्याच आठवड्यात झाला होता. नागपूरच्या शाळेत तीस वर्षं पीटी शिकवून त्या इथे परदेशी, फ्रीमाँटला मुलाकडे आल्या होत्या आणि दर रविवारी पार्कच्या कोर्टवर मला पळवत.

एका वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या स्पर्धेत आम्हा दोघींचीच फायनल लागली. पुरुषांना तीन सेट, बायकांना एक. कारण पाहुण्यांचं भाषण होतं आणि त्या भाषणाबद्दल आभाराचंही भाषण होतं. मावशींनी तो एक सेट जिंकला. चौसष्टाव्या वर्षी आयुष्यातला पहिला करंडक. अध्यक्ष शाल आणि नारळ घेऊन निघाले, तर मावशी बेसलाइनकडे परत चालू लागलेल्या.

"मावशी, तुम्ही जिंकलात. प्लीज, शेड्यूल टाइट आहे."

"एक सेट जिंकले. दोन राहिलेत." मग माझ्याकडे वळून, "दमलीस का?"

मी नाही म्हटलं.

दुसरा सेट मी घेतला. तिसऱ्यात त्यांचा गुडघा दुखू लागला. अध्यक्ष शाल घेऊन उभेच होते, पाहुणे भाषणाची घडी उलगडून पुन्हा घालत होते, मुलगा कुंपणाच्या जाळीपलीकडून "आई, पुरे कर" म्हणत होता. चार-चार झाले आणि मी एक सोपा चेंडू नेटमध्ये घातला. मुद्दाम.

मावशी लंगडत नेटपाशी आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मला झेपत नाही, हे तूही ठरवलंस? मला न विचारता?"

त्यानंतर मी खरं खेळले. जिंकलेही, आणि करंडक माझ्या हातात आला. टाळ्या वाजल्या तेव्हा माझी मान वर होत नव्हती.

पुढच्या वर्षापासून मंडळात बायकांची फायनल तीन सेटांची झाली. भाषणं होती तेवढीच राहिली. मावशी मुलाबरोबर दूर अ‍ॅशबर्नला राहायला गेल्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, खेळ सुटला. मला राहवेना, मी करंडक त्यांना पार्सलने पाठवून दिला.

आठवड्याभरात तो परत आला. आत चिठ्ठी होती: "पाठवण्याआधी विचारायचं होतंस."